बुधवारचं पाणी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मळा, पो. नेसरी
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

चि. तम्मा सोमशेखर यास दानम्माअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडं सगळी खुशाल हायेत. तुझं आणि महादेवीचं कसं चाललंय ते कळव.

फोन न करता पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नको. कानातलं यंत्र लावलं की नुसती पिठाची गिरण सुरू हुतीय. फोनवर तुझं बोलणं मला कळत न्हाई आणि माझं सगळ्या गावाला कळतंय. हे गावाला कळायचं न्हाई. जोतीराम भाजीची जीप घेऊन सोमवारी आणि गुरुवारी कोल्हापूरला येतोय, त्याच्याकडं ही पिशवी दिलीय. आत दोन बाटल्या हायेत. सरबत समजून तोंडाला लावू नको, गटाराचं पाणी हाय.

आपल्या मळ्याच्या खालनं गावाचं गटार ओढ्याला मिळतंय, तू नाक धरून ओलांडायचास ते. गेल्या वर्षी एका संस्थेनं तिथं खडीचे चार वाफे केले आणि त्यात कर्दळ, पाणकणीस लावलं. गटार वाफ्यांतनं झिरपत खालच्या डबऱ्यात येतंय आणि तिथनं ओढ्याला. मशीन न्हाई, लाईट न्हाई, मुळंच घाण खातात म्हणं. हे सांगणारी पोरगी विद्याश्री, पेठ वडगावची, इंजिनेर हाय. आपल्याच सोप्याकडच्या खोलीत राहतीय. गावाच्या कमिटीचा अध्यक्ष माझा लेकच, बसू, म्हणून वाफ्यांची सगळी देखभाल त्याच्याकडं.

पोरगी वाईट हाय असं म्हणत न्हाई. पण दर बुधवारी बाटल्या भरतीय, पेटीत घालून कुलूप लावतीय आणि फोनवर इंग्रजीत बोलतीय. दर वेळी निकाल चांगलाच. पन्नास वर्सांचं गटार फुलझाडांनी निवळतंय हे माझ्या बुद्धीला पटत न्हाई. म्हणून काल तिच्या मागोमाग मीबी भरून घेतलं. लाल दोरा वरच्या तोंडाचा, पांढरा दोरा खालच्या तोंडाचा. कॉलेजात तू तीस वर्सं प्रयोगशाळा सांभाळलीस, तुला फसवणं सोपं न्हाई. तपासून खरं काय ते लिही. बसूला आणि पोरीला यातलं काही कळू देऊ नको.

महादेवीला आशीर्वाद. भावाची माया हाय तशी असू दे.

तुझी,
दानम्माअक्का

---

॥ श्री ॥

कोल्हापूर
१६ जानेवारी २०२५

ती. अक्कास सोमशेखरचे शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आणि तुझा आहेर, दोन्ही पोचले. माहेरी आजवर कुणी गटार पाठवलं नसेल. बाटल्या स्वयंपाकघरात ठेवल्या म्हणून महादेवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आता मी गॅलरीत काम करतो. निवृत्त झालो तरी काचेच्या नळ्या मी टाकल्या नव्हत्या, त्याचा उपयोग झाला.

आधी चांगली बातमी. खालचं पाणी खरोखर चांगलं आहे. बाटली पाच दिवस बंद ठेवून आत प्राणवायू किती उरतो ते पाहिलं. वरच्या पाण्यात काहीच उरला नाही, खालच्यात भरपूर. मुळं घाण खातात हे खरं आहे, अक्का. म्हणजे मुळांवरचे बारीक जीव खातात. यात फसवणूक नाही, अशी गावं मी पाहिली आहेत.

पण एक गोष्ट मला खटकली. मी पाण्यातलं मीठही मोजलं. पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत एकेक थेंब टाकायचा आणि थेंब मोजायचे, इतकं ते सोपं आहे. वरच्या पाण्यात मीठ एकशे बेचाळीस आलं आणि खालच्यात अडतीस. मी तीनदा केलं, तीनदा तेच. आता असं आहे, की झाडं घाण खातात, मीठ खात नाहीत. वाफ्यातून पाणी कितीही फिरलं तरी मीठ जेवढ्यास तेवढं उरायला हवं. ते चौथाईवर आलं, याचा अर्थ खाली गटाराच्या एका भागात निदान अडीच भाग दुसरं चांगलं पाणी मिसळतं आहे. कुठून, ते मला इथं बसून दिसणार नाही.

बुधवार सोडून दुसऱ्या एखाद्या दिवशी खालच्या तोंडाचं पाणी भरून पाठव. आणि कुणावर आळ घेऊ नकोस. तुझा आवाज मोठा आहे.

संक्रांत झाली, तिळगूळ सोबत आहे. थोरलेपणाचा हात डोक्यावर राहू दे.

तुझा,
सोमशेखर

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मळा
सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. तम्मास आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र चारदा वाचलं आणि साखरेच्या डब्यात ठेवलं. मिठाची गोष्ट माझ्या डोक्यातनं जाईना.

आज सकाळी भरलेली बाटली जोतीरामाकडं दिलीय. तुझी तपासणी व्हायच्या आधीच सांगते, ही बाटली नाकाजवळ नेऊ नको. आणि आणखी एक बघितलं. आज वरच्या तोंडाला करंगळीएवढी धार आणि खालीबी करंगळीएवढीच. पण गेल्या बुधवारी वर करंगळीएवढी आणि खाली मनगटाएवढी हुती. कर्दळ पाणी पितीय का वितीय, तम्मा?

दुसऱ्या वाफ्यातली झाडंबी मला धड दिसंनात. वरनं हिरव्या फांद्या खोवल्यात, खाली बुंधे काळे. बसूला विचारलं तर थंडीनं झालंय म्हणाला आणि ताटावरनं उठला. एवढ्या तेवढ्यावरनं ताटावरनं उठणारा त्यो न्हाई.

आता खरं सांगते, रागावू नको. पोरगी आंघोळीला गेलती तवा मी तिची वही उघडून बघितली. इंग्रजी मला येत न्हाई, पण चित्र कळतंय. एका पानावर आपला मळा काढलाय. आपली चिंच, आपल्या बोरचं खोपट. खोपटापासनं खालच्या डबऱ्यापर्यंत एक रेघ आणि रेघेवर हे एवढं मोठं प्रश्नचिन्ह. तिचा डोळा आपल्या बोरवर हाय. संस्थेला आपल्या बोरचं पाणी पाहिजे असणार, म्हणूनच आपल्या घरात खोली घेतली. मी तशीच्या तशी रेघ काढून पाठवतेय, बघ.

काल सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत बसूनं पाण्याचा आकडा वाचून दाखवला आणि ओढ्याजवळ बोर्ड लावला. ते बघून खालच्या वस्तीतल्या बायका ओढ्याच्या वाळूतला जुना झरा परत उपसायला लागल्यात. धोंडुबाई तर आजपास्नं तिथनंच घागर भरणार म्हणाली. पोरीनं तिला उकळून घ्या म्हणून सांगितलं. एवढं निर्मळ हाय तर उकळायचं का, हे धोंडुबाईनं विचारल्यावर पोरगी खाली मान घालून वहीत काहीतरी लिहायला लागली. मला तवाच शंका आली.

लवकर लिही. अक्काची वाट बघणारी नजर तुझ्या दाराला लागलीय असं समज.

दानम्माअक्का

---

॥ श्री ॥

कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि. पत्रास उशीर झाला. माझ्याकडचं मीठ मोजायचं औषध संपलं आहे आणि दुकानात लवकर मिळेलसं दिसत नाही. त्यामुळे या बाटलीचं काही सांगता येत नाही. एका बाटलीवरून काही ठरवूही नये. पहिल्या वेळी माझ्याच हातून चूक झाली असेल, वय झालं.

ऊस गेला का? यंदा टनेज कसं पडलं? चि. बसू परवा मोटारीचं काही सामान न्यायला इकडे आला होता, तेव्हा घरी येऊन गेला. थोडा खराब झाल्यासारखा वाटला. त्याला फार बोलू नकोस.

महादेवी ठीक आहे. झऱ्याच्या पाण्याबद्दल धोंडुबाईंना मात्र माझं नाव घेऊन सांग, की पिऊ नका.

लोभ असावा.

सोमशेखर

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मळा
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

चि. सोमशेखर यास.

तुझं पत्र आलं. त्यात माझ्या भावाचं एकबी अक्षर न्हाई. तू माझी थट्टा केली न्हाईस, महादेवी तुला काय बोलली ते लिहिलं न्हाईस आणि तीनदा केलेली तपासणी चुकली म्हणतोस. लहानपणी दुधावरची साय खाऊन तू असाच गप बसायचास.

तुझा निरोप सांगायला मी वस्तीवर गेले, पण उशीर झालता. धोंडुबाई गडहिंग्लजच्या दवाखान्यात हाय. डॉक्टरनी टायफाईड सांगितलाय. तिच्या सुनेला आणि शेजारच्या घरातल्या दोघांनाबी ताप हाय. मी बघाय गेले तर तिनं मला ओळखलं, पण बोलायला ताकद न्हवती. माझ्याच लेकानं वाचलेल्या आकड्यावर तिनं घागर बुडवलीती.

आता मला काय दिसलं ते लिहिते. आपला ऊस अठ्ठावीस तारखेला गेला. खोडवा ठेवला न्हाई, रान नांगरून टाकलंय. म्हंजे पाजायला काय न्हाई. काल बुधवारी मी बोरच्या खोपटाकडनं जाताना पाईपाला आधार म्हणून हात लावला. पाईप गार हुता आणि थरथरत हुता. मला मोटार आयकू येत न्हाई, म्हणून घरात कुणी माझ्यापास्नं ती लपवायची तसदीबी घेतली न्हाई. नांगरलेल्या रानाला कोण पाणी पाजतंय म्हणून मी पाईपाच्या कडेकडेनं चालत गेले. बांधाखाली नवी माती ओढलेली. पलीकडं डबऱ्याच्या तोंडाशी, गवताखाली, तोच पाईप सोडलाय. माझ्या बोरचं पाणी, तम्मा. पोरीच्या वहीतली रेघ.

पोरगी बोर मागत न्हवती, ती चोर हुडकत हुती. आणि मी तिच्यावर पाळत ठेवत बसले.

अजून कुणाला बोलले न्हाई. बसू काल रातच्याला जेवला, पान खाल्लं, झोपला. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि हा कोण म्हणून मला कळंना.

तुला ठाऊक हुतं का, तेवढंच लिही. दुसरं काय नको.

दानम्मा

---

॥ श्री ॥

कोल्हापूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास माझा दंडवत. हे पत्र लिहायला मी तीन दिवस घेतले.

ठाऊक होतं. तुझ्या रेघेचं चित्र पाहताच मला समजलं होतं, पण तुला लिहिण्यापूर्वीच बसू दारात उभा राहिला. बाटल्यांचं त्याला जोतीरामाकडून कळलं. जोतीरामानं मुद्दाम सांगितलं नाही, मामाला बाटल्यांतून काय पाठवता, असं त्यानं बसूला सहज विचारलं.

बसू गॅलरीत माझ्या नळ्यांसमोर बसला आणि सगळं सांगितलं. दिवाळीनंतर बांधावर तणनाशक मारून त्यानं फवारणीचा पंप वरच्या तोंडाशी गटारात धुतला. आठ दिवसांत दुसरा आणि तिसरा वाफा जळला. ते सांगितलं असतं तर चार शिव्या खाऊन निभावलं असतं. पण तो अध्यक्ष, आणि तणनाशक मारायचं नाही हा नियम त्यानंच गावाला वाचून दाखवलेला. नवी झाडं लागेपर्यंत बुधवारचे दोन तास बोर सोडायचा, असं त्यानं ठरवलं. मग लोक कौतुक करू लागले, आणि पाईप बंद करायचा दिवस पुढे पुढे जात राहिला. मामा, पावसाळ्यापर्यंत थांबा, एवढंच म्हणाला.

मी थांबलो. आम्हाला मूल नाही, अक्का. बसू आठवीपासून बारावीपर्यंत माझ्या घरी राहिला. त्याला सायकल मी शिकवली. त्यानं हात धरला आणि मी मान हलवली. औषध संपलं नव्हतं. तुझी सोमवारची बाटली मी त्याच आठवड्यात तपासली होती. मीठ एकशे एकोणचाळीस, आणि घाण वरच्या पाण्याइतकीच. दोन्ही निकाल तारीख घालून, सही करून सोबत जोडले आहेत. हे मी सहा तारखेला लिहायला हवं होतं. धोंडुबाईंना तोवर ताप आला होता की नव्हता, हे मी स्वतःला रोज विचारतो.

कागद तुझ्याकडे दिले आहेत. पुढे काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या लोभाला पात्र आहे की नाही, हे तूच लिहायचं.

सोमशेखर

---

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

मळा
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

चि. तम्मा सोमशेखर यास आशीर्वाद. आधी हे वाच, धोंडुबाईचा ताप उतरलाय. परवा घरी सोडणार. आता तुला जेवण जाईल.

शुक्रवारी जिल्ह्यावरनं साहेब लोक योजना बघायला येणार हुते. सकाळी मी बसूच्या पुढ्यात तुझे कागद ठेवले. आज तू सांगशील का मी सांगू, एवढंच विचारलं. त्यानं कागद वाचले, घडी घालून परत दिले आणि चप्पल घालून गेला. मग मी खोपटात जाऊन स्टार्टरचा फ्यूज काढला आणि कनवटीला लावला.

दहाच्या सुमाराला जीपा आल्या. पन्नासभर माणूस जमलं. पोरीनं खालच्या तोंडाला बाटली धरली आणि काळं पाणी आलं. वास तर सगळ्यांना आला. बसू एकदा बांधाकडं बघतोय, एकदा माझ्याकडं. मी कानातलं यंत्र घालून गेलते, म्हणून तुटक तुटक आयकू येत हुतं. मोठे साहेब पोरीला विचारायला लागले. इतके महिने निकाल चांगले कसे दाखवले, घरी बसून कागदावर भरले का, असं. पोरगी म्हणाली, मला तीन महिने शंका हाय, मी तसं वर लिहून कळवलंय, पण पुरावा न्हाई. साहेब म्हणाले, नमुने तर तुझ्याच हातचे. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर बाटलीकडं वळवली, तम्मा. बोर माझ्या नावावर, रोज कठड्यावर बसून तिला बघणारी मी. तिनं चोर म्हणून मलाच धरलं हुतं, आणि घरात ठेवून घेतलेल्या म्हातारीचं नाव घ्यायला तिची जीभ उचलत न्हवती.

तवा मी बोलायला पाहिजे हुतं का? कागद माझ्या पिशवीत हुते. पण मी पदर तोंडात धरला. मी सांगितलं असतं तर बसू जन्मभर आईनं पकडून दिलेला राहिला असता. त्यो बोलतोय का पोरीच्या गळ्यात ढकलतोय, हे मला बघायचं हुतं. साहेब वळून जीपकडं निघाले. मला वाटलं, गेलं. मी माझा लेक ओळखून चुकले.

आणि मग त्यो बोलला. मला आयकू आलं न्हाई, लोकांची तोंडं फिरली म्हणून कळलं. त्यानं बांधावरची माती पायानं सारली आणि पाईप वर काढून दाखवला. वस्तीतली माणसं अंगावर धावून आली. दोघांनी धरलं न्हाईतर त्यानं मार खाल्ला असता. त्यानं हात वर केला न्हाई.

अध्यक्षपद गेलं. संस्थेनं काम थांबवलंय. बसू माझ्याशी बोलत न्हाई. मी पोरीची वही उघडल्याचं तिला सांगितलं, तर तिनंबी माझ्या बोरच्या लाईटबिलाचा फोटो काढल्याचं सांगितलं. दोघी थोडं हसलो. फार न्हाई.

तुझ्या लोभाचं विचारलंस. तू साय खाल्लीस तवाबी आईनं तुला जेवायला वाढलंच. ये एकदा. खोली अजून तिचीच हाय, तू माजघरात झोप.

तुझी,
दानम्माअक्का

---

॥ श्री ॥

मळा, पो. नेसरी
३ नोव्हेंबर २०२५

ती. सोमूमामा व मामी यांना बसलिंगाप्पाचा शि. सा. न.

मामा, फोनवर तुमच्याशी बोलायला तोंड नव्हतं, म्हणून अव्वासारखं कागदावर लिहितोय. दिवाळी बरी झाली. अव्वा आणि मी जुलैपासून परत बोलतो. नवं कानयंत्र घ्यायला कोल्हापूरला नेणार आहे, पण डॉक्टरवरही तिचा विश्वास नाही.

काम जूनमध्ये परत सुरू झालं. विद्याश्रीबाईंनी मला ठेवून घ्यायला नकार दिला होता. मी रोज जाऊन वाफ्याच्या काठाला उभा राहायचो. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी खोरं दिलं. दोन्ही वाफ्यांतली खडी उपसून धुतली, जळकी मुळं काढली, नवी कर्दळ आणि पाणकणीस लावलं. आता गुडघ्याच्या वर आलंय. नमुना आता एकटं कुणी घेत नाही. वस्तीतल्या चार बायका मिठाचे थेंब मोजायला शिकल्यात, तुमच्या नळ्यांवरच. वारही ठरलेला नाही, त्या आदल्या संध्याकाळी ठरवतात आणि मला सकाळपर्यंत सांगत नाहीत. गेल्या खेपेला मीठ वर एकशे तीस, खाली एकशे सव्वीस. घाण चारातले तीन हिस्से कमी झाली. मी ग्रामसभेत वाचलेल्या खोट्या आकड्याइतका चांगला आकडा अजून आलेला नाही. येईल असं बाई म्हणतात, मी आता तसं काही बोलत नाही. झरा बंदच आहे. प्यायला वस्तीवर टाकीची लाईन आली.

धोंडुमावशीचं तुम्हाला सांगायचं राहिलं. ती दवाखान्यातून आल्यावर मी तिच्या घरी गेलतो. तिनं बस म्हटलं नाही. सुनेला सांगून झऱ्याचं पाणी तांब्यात आणवलं आणि माझ्यापुढं ठेवलं. नुसती बघत होती. मी तांब्या उचलला. तोंडाजवळ नेला तेव्हा तिनं तो माझ्या हातातनं काढून घेतला आणि जास्वंदीला ओतला. आजारी माणसाचं करायला माझ्या घरात आता कुणाच्या अंगात जोर नाही, जा, एवढं म्हणाली.

मी आलो. तिनं परत बोलावलं नाही. पण आता नमुन्याच्या दिवशी ती काठी टेकत येते, खालच्या तोंडाशी दगडावर बसते आणि संपेपर्यंत माझ्या हातांवरची नजर काढत नाही. मी बाटली भरतो आणि आधी तिच्याकडं नेऊन दाखवतो.

मामीला नमस्कार. माझ्यावरचा राग संपला असेल तर दोन ओळी पाठवा, संपला नसेल तरी पाठवा.

तुमचा,
बसू